हँडलवरचं क्रोम डोळ्यांवर येतं, काय करावं?

आडवाट · रविवार, रात्री 9:14

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुन्या वळणाची 350 सीसी गाडी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्या प्रतिसादापासून "ही चांगली की ती" सुरू होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

कामानिमित्त कोल्हापूर-रत्नागिरी जाणंयेणं असतं. सकाळी उजाडता निघतो, म्हणजे तोंड पश्चिमेला आणि सूर्य पाठीवर. परतताना संध्याकाळ, तोंड पूर्वेला, सूर्य पुन्हा पाठीवरच. ऐकणारा म्हणतो, बरंय की, डोळ्यांवर ऊन नाही. पण मागून आलेलं ऊन स्पीडोमीटरच्या क्रोमच्या कड्यावर, हँडलवर आणि आरशांच्या दांड्यांवर पडतं आणि तिथून सरळ डोळ्यांत. मलकापूर सोडलं की आंबा गावापर्यंत हेच. वळणावर चमक एका जागेवरून दुसरीकडे सरकते, पण जात नाही. रस्त्यातला खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, "साहेब, वॉटर पेपर मारतो, वरून मॅट ब्लॅकचा कॅन मारतो, अर्ध्या दिवसाचं काम." मन धजत नाही. क्रोमवर भाळूनच तर गाडी घेतली. कुणी असं काही करून घेतलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नट_बोल्ट · रविवार, रात्री 9:31

प्रकाश जास्त झाला म्हणून धागा काढलात आणि वर आणखी टाका म्हणताय?

घाटकरी · रविवार, रात्री 9:40

सगळ्यात स्वस्त उपाय: गाडी धुणं बंद करा. थोडं तेलाचं फडकं फिरवा, धूळ आपोआप बसते. आमच्या गाडीचं क्रोम गेल्या पावसाळ्यानंतर चमकलेलंच नाही, एकदम सुखात आहोत.

पेठेतला_पाहुणा · रविवार, रात्री 10:05

पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा. काळं हँडल, काळे आरसे, स्पीडोमीटरचं काळं कडं, सगळं तयार मिळतं. मूळ क्रोमचे भाग काढून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे, विकताना परत लावायचे. हँडल घेताना नळीचा व्यास तेवढा तपासून घ्या. 22 मिलिमीटरचीही असतात आणि इंचीही असतात. क्लॅम्पमध्ये सैल बसलं तर घाटात फार महागात पडेल.

आणि काळं घेताना "मॅट" असं दोनदा सांगा. दुकानदाराला काळं म्हणजे काळं, तो चकचकीत काढून देतो.

उद्यमनगरी · रविवार, रात्री 10:52

भावा, त्या गॅरेजवाल्याला आधी थांबव.

प्लेटिंगच्या धंद्यात असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं क्रोम म्हणजे वर चढवलेला जाड पत्रा. तसं नसतं. लोखंडावर आधी निकेल, कधी त्याच्याखाली तांबं, आणि सगळ्यात वर क्रोमियम. निकेलचा थर दहा-वीस मायक्रॉनचा, चांगलं काम असेल तर जास्त. वरचं क्रोमियम अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. आपण ज्याला क्रोमची झळाळी म्हणतो ती खरं तर खालच्या निकेलची. क्रोमियम तिला किंचित निळसर छटा देतं आणि निकेल पिवळं पडू देत नाही.

त्यावर जोर लावून वॉटर पेपर फिरवला की काय होणार ते बघा. कडेला, वळणाला थर आधीच पातळ, तिथं पेपर पार खाली लोखंडापर्यंत जातो. वरून कॅन मारला तर चार महिने बरं दिसेल. मग चावीचा जुडगा घासतो तिथं टवका निघणार, टवक्यातून पाणी जाणार आणि रंगाच्या आतून गंज फुगणार. आणि हलका पेपर मारून सोडला तर रंग धरतच नाही, नखानं सोलून निघतो. क्रोमवर रंग टिकवायचाच असेल तर सगळीकडे एकसारखं खरवडून एपॉक्सी किंवा एच (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर मारावा लागतो. अर्ध्या दिवसात होणारं ते काम नव्हे.

आणखी एक, हे कळकळीनं सांगतो. बादलीत कॉस्टिक सोडा, त्यात बॅटरी चार्जरची वायर सोडून घरच्या घरी क्रोम उतरवायचे व्हिडिओ फिरतात. कृपा करून करू नका. पाणी पिवळं होतं ना, तो क्रोमेट. म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, कॅन्सर करणारं. आमच्याकडं त्या पाण्याची वेगळी प्रक्रिया करावी लागते. घरात ते पाणी बाथरूमच्या मोरीत जातं. बादली नंतर कशाला वापरली जाते देव जाणे.

क्रोम ठेवून चमक मारायची असेल तर सॅटिन क्रोम हा मार्ग आहे. जुनं प्लेटिंग उतरवायचं, बारीक काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग करायचं, मग निकेल आणि क्रोम. रंग क्रोमचाच राहतो पण आरशासारखं दिसत नाही, दुधी दिसतं. स्पीडोमीटरचं कडं धातूचं असेल तर करून घ्या. हल्ली बरीच कडी प्लॅस्टिकवर क्रोम केलेली असतात, त्यांना हे चालत नाही. आधी चुंबक लावून बघा. हँडलला मात्र हा खटाटोप परवडत नाही, तेवढ्यात नवीन काळं हँडल येतं.

आडवाट · रविवार, रात्री 11:10

उद्यमनगरी, हात जोडून आभार. गॅरेजवाल्याला आत्ताच मेसेज टाकला, उद्या येत नाही म्हणून.

शुद्ध_क्रोम · सोमवार, सकाळी 7:20

मुळात प्रश्नच कळला नाही. क्रोम झाकायचं होतं तर क्रोमची गाडी घेतली कशाला? शोरूममध्ये मॅटवाली शेजारीच उभी होती. आधी हौस करायची, मग तिच्यावर काळं फासायचं. एक चांगला गॉगल घ्या आणि चालवा.

सह्यवेडी · सोमवार, सकाळी 8:02

शुद्ध_क्रोम, शोरूममध्ये ट्यूबलाइट असते, मावळतीचं ऊन नसतं. गाडी घेताना हे कुणाच्या लक्षात येतं?

आडवाट, आरशांच्या दांड्यांसाठी माझा उपाय. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरवर चढवायची काळी हीट श्रिंक स्लीव्ह मिळते, ती मीटरवर घ्या. आरसा सोडवायचा, खालून स्लीव्ह सरकवायची, मापाला कापायची आणि हेअर ड्रायरनं किंवा हीट गननं गरम करायची. ती आक्रसून दांडीला घट्ट बसते. तीनास एक आक्रसणारी मागा, कारण खालचा नट मोठा असतो आणि दांडी बारीक, साधी स्लीव्ह एक तर नटावरून जात नाही नाहीतर दांडीवर सैल राहते. मधोमध गरम करायला सुरुवात करा आणि कडांकडे या, म्हणजे आत हवा अडकत नाही. मेणबत्ती किंवा लायटर नको, एका बाजूला जळते आणि चकाकी येते. फार झकास नाही दिसत, पण कुणाच्या लक्षातही येत नाही. नको झाली की ब्लेडची एक रेघ मारा, खालचं क्रोम जसंच्या तसं.

भिंगवाला · सोमवार, सकाळी 10:45

"चांगला गॉगल घ्या" यावर लिहितो, कारण दुकानात रोज हाच गैरसमज ऐकतो.

पोलराइज्ड गॉगल डांबरी रस्त्यावरची, पाण्यावरची, पुढच्या गाडीच्या काचेवरची झळक छान कापतो. या पृष्ठभागांवरून विशिष्ट कोनात परतणारा प्रकाश पोलराइज्ड होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत राहतात, आणि गॉगल नेमका तोच अडवतो. धातूचं गणित वेगळं आहे. क्रोमवरून परतणारा प्रकाश फारसा पोलराइज्ड होत नाही, त्यामुळे क्रोमच्या चमकेपुरता महागडा पोलराइज्ड गॉगल आणि साधा काळा गॉगल यांत फार फरक पडत नाही. उलट गाडीला डिजिटल मीटर असेल तर पोलराइज्डमधून तो काही कोनांत काळाठिक्कर दिसतो, आणि काही वायझरमधून इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात.

उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा असेल तर हेल्मेटच्या आत तो काळा होतोच असं नाही. त्याला अतिनील किरण लागतात आणि वायझर ते अडवतं. काळं वायझर दिवसा ठीक, पण संध्याकाळी सुरू झालेला प्रवास रात्री संपतो, तेव्हा तेच जिवावर बेततं. लावायचंच तर साधं वायझर बरोबर ठेवा.

आणि आडवाट, तुमचं वायझर किती जुनं आहे? उजेडाकडे धरून बघा. कोरड्या फडक्यानं पुसून पुसून त्यावर जाळं झालेलं असतं, आणि मग एका बारीक ठिपक्याची चमक सगळ्या काचेभर पसरते. ओल्या कापडानं आधी धूळ भिजवायची, मग पुसायचं.

मावळतीकर · सोमवार, दुपारी 1:30

सगळे उपाय सांगताहेत, पण नेमका कुठला भाग छळतोय हे अजून कुणी विचारलं नाही. आडवाटांनी तीन नावं घेतली आहेत. माझा अंदाज, तिन्हीच्या तिन्ही काही दोषी नसावेत.

आधी हे बघा. सपाट चकचकीत भाग एकाच कोनात चमकतो, गाडी जरा वळली की चमक गेली. स्पीडोमीटरची काच अशी असते. बाहेरून फुगीर असलेल्या भागाचं तसं नाही. त्यावर कुठे ना कुठे असा ठिपका असतोच, जिथून सूर्य तुमच्या डोळ्याकडे परततो. गाडी वळवली तर ठिपका सरकतो, एवढंच. कडं, हँडलची नळी, क्लॅम्पचे गोल नट, सगळं याच जातीचं. म्हणून "सरकते पण जात नाही". इथे कोन बदलून, आरसा वाकवून काही होत नाही, पृष्ठभागच बदलावा लागतो.

काळ्या रंगाचा आग्रहही जरा बाजूला ठेवा. क्रोम पडलेल्या उजेडातला साधारण 60 टक्के परत फेकतं. चकचकीत काळा रंग, उजेड सरळ समोरून पडला तर, चारेक टक्के. पण सूर्याचे चार टक्केही डोळ्याला टोचायला पुरतात, आणि तिरप्या उजेडात तेच प्रमाण वाढतं. मॅटमध्ये जो काही उजेड परततो तो एका दिशेनं न जाता विखुरतो. त्यामुळे करडा मॅट किंवा उद्यमनगरींचं दुधी क्रोमही काम करतं. चकचकीत काळं मात्र अर्धवट.

आता चोर पकडायची पद्धत. हार्डवेअरच्या दुकानातून मास्किंग टेपचं एक रीळ आणा. हेल्मेट घालून, नेहमीचं जॅकेट घालून सीटवर बसल्यावर जेवढं क्रोम दिसतं तेवढ्या सगळ्यावर टेप लावा. मागून ऊन असताना थोडं चालवून या. मग एकेक भाग उघडा करत चला. ज्या टेपनं फरक पडत नाही तो भाग निर्दोष, त्याला हात लावायचा नाही. हे उभ्या गाडीवर करायचं असेल तर ती साइड स्टँडवर नको, झुकलेल्या गाडीत सगळे कोन बदलतात. कुणालातरी सरळ धरायला सांगा. आणि दुसऱ्याला बसवून बघू नका, दोन इंच उंचीच्या फरकानं निकाल बदलतो.

सायलेन्सर, मडगार्ड, हेडलाइटची रिंग, इंडिकेटर, यांतलं काहीही चालवणाऱ्याला दिसत नाही. तरी लोक सगळी गाडी काळी करून येतात.

जुनी_राजदूत · सोमवार, दुपारी 2:15

मावळतीकरांच्या प्रतिसादाला अनुमोदन.

थोडं अवांतर. युद्धकाळातल्या लष्करी मोटरसायकली बघा, बीएसए एम20 घ्या किंवा रॉयल एनफिल्डची डब्ल्यूडी/सी. हँडलपासून रिमपर्यंत सगळं मॅट खाकी नाहीतर हिरवं. तिथं कारण वेगळं होतं, लांबून शत्रूला चमक दिसू नये. पण चालवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेलं उदाहरण विमानांत आहे. दुसऱ्या महायुद्धातली मस्टँग विमानं शेवटी शेवटी रंग न लावता उघड्या ॲल्युमिनियमची उडायची, तरी वैमानिकाच्या काचेसमोरचा नाकाचा वरचा पट्टा तेवढा गडद मॅट रंगवलेला असायचा. विमान चकचकीत, फक्त नजरेसमोरची पट्टी गडद. शुद्ध_क्रोम यांनाही हा तोडगा पटावा.

शुद्ध_क्रोम · सोमवार, दुपारी 2:40

पट्टी पटली. सगळी गाडी काळी करायला माझा विरोध होता आणि आहे.

खारा_वारा · सोमवार, संध्याकाळी 6:55

रत्नागिरीचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. आमच्याकडे अनेकांनी हँडलवर कापडी टेप गुंडाळून, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून हा उपाय केलेला आहे. देशावर तो चालेल. किनाऱ्यावर कापड आणि रबर खारट दमट हवा धरून ठेवतात. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतातच. त्यातून ओल आत जाते आणि वर्षभरानं टेप सोडवली की खाली मिरी पसरल्यासारखे गंजाचे ठिपके. मास्किंग टेपसुद्धा चाचणी झाली की लगेच काढा. उन्हात भाजली की तिचा गोंद चिकटून राहतो, मग रॉकेल आणि फडकं घेऊन बसावं लागतं.

झाकायचंच असेल तर जे पूर्ण चिकटून बसतं ते वापरा. मॅट व्हिनाइल किंवा सह्यवेडींची स्लीव्ह. मेणाचं पॉलिश आधी पूर्ण उतरवा, शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, आणि लावल्यावर कडा हेअर ड्रायरनं गरम करून बोटानं दाबा. कडा सुटायला लागली की कापून टाका आणि नवीन लावा, तशीच चालवू नका.

नट_बोल्ट · मंगळवार, सकाळी 9:05

सोलता येणारा रबरी स्प्रे मिळतो तो कसा? प्लास्टी डिप वगैरे.

उद्यमनगरी · मंगळवार, सकाळी 9:50

चांगला आहे, फक्त कंजुषी करू नका. पातळ दोन हात मारले तर नंतर सलग सोलत नाही, तुकडे तुकडे निघतात. चार-पाच हात द्या, दोन हातांच्या मध्ये सुकू द्या. बाजूचं सगळं वर्तमानपत्र आणि टेपनं झाका, मीटरच्या काचेवर उडलं तर वैताग. टाकीच्या झाकणाजवळ अजिबात नको. पेट्रोल सांडलं की मऊ पडतो आणि हाताला काळं येतं. सायलेन्सर आणि बेंड पाइपावरही नको, ते वेगळ्या उष्णतेचं काम आहे.

आडवाट · बुधवार, रात्री 10:20

मावळतीकर, तुमच्या टेपनं घोळच उघड केला. आरशांच्या दांड्या पूर्ण निर्दोष! मी त्यांच्यावर खार खाऊन होतो. खरे चोर दोन. एक, स्पीडोमीटरचं कडं, त्यातही फक्त वरची कमान. दुसरा माझ्या यादीतच नव्हता: हँडलच्या क्लॅम्पचे चार ॲलन बोल्ट. डोकी अशी घोटीव की चार बारीक सूर्य समोर ठेवल्यासारखे. हँडलची नळी मधल्या भागात थोडी चमकते, पण सहन होण्यासारखी.

बोल्टवर रबरी टोप्या बसवल्या, दुकानदारानं चिल्लर परत दिली इतक्या स्वस्त. कड्याला व्हिनाइलची पट्टी लावायला घेतली, तर ती वळणावर सुरकुतते. सलग कमान काही जमेना.

सह्यवेडी · बुधवार, रात्री 10:48

पट्टी रुंद असणार. दोन वळणं एकदम असतात तिथं रुंद पट्टी बसतच नाही. पाच-सहा मिलिमीटरची अरुंद पट्टी कापा, जरा गरम करा, हलकी ताण देत कड्याच्या माथ्यावरून फिरवा. मग तिच्या शेजारी दुसरी, किंचित वर चढवून. सुरुवात आणि शेवट खाली, सहा वाजण्याच्या जागी, म्हणजे जोड तुमच्या नजरेत येत नाही आणि वरून येणारं पाणी थेट त्यात शिरत नाही. फार ताणू नका, ताणलेलं व्हिनाइल उन्हात परत आखडतं.

मांडवीकाठ · गुरुवार, सकाळी 11:15

पणजीहून विचारतोय. आमचा त्रास दुपारचा. डोक्यावर सूर्य असताना टाकीचं क्रोमचं झाकण आणि वरची टी प्लेट (हँडल जिच्यावर बसतं ती) डोळ्यांत येतात. मागून ऊन नसतानाही. टेपची परीक्षा केली, हे दोनच. टी प्लेट व्हिनाइलनं झाकेन, पण झाकणाचं काय? वर लिहिलंय तिथं स्प्रे नको.

मावळतीकर · गुरुवार, दुपारी 12:40

उन्हाळ्यात हे होणारच. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत आपल्या पट्ट्यात सूर्य दुपारी बरोब्बर माथ्यावर येतो. पुण्यात शून्य सावलीचा दिवस 13 मेच्या आसपास, तुमच्याकडे दक्षिणेला त्याच्याही आधी. तेव्हा आकाशाकडे तोंड करून असलेलं सगळं क्रोम चमकतं.

झाकणावर चिकटवायच्या भानगडीत पडू नका. पेट्रोल प्रत्येक भरणीला थोडं तरी ओघळतं आणि व्हिनाइलची कडा सोडवतं. लांबच्या प्रवासात टँक बॅग टाका, झाकण आपोआप झाकलं जातं. रोजच्यासाठी मॅट काळं झाकण मिळतं का बघा, फक्त त्याला हवा जायचं छिद्र आहे ना ते बघून घ्या. छिद्र नसलं की टाकीत पोकळी धरते आणि गाडी मध्येच पेट्रोल ओढेनाशी होते. कुलूप बदलल्यामुळे एक चावी वाढेल, तेवढं सोसा.

नट_बोल्ट · गुरुवार, दुपारी 1:05

हे सगळं केल्यावर आरटीओवाले अडवणार नाहीत ना?

पेठेतला_पाहुणा · गुरुवार, दुपारी 1:30

हँडलचं किंवा कड्याचं क्रोम आरसीवर लिहिलेलं नसतं. आरसीवर असतो तो गाडीचा रंग, तो बदलला तर नोंद करावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत परस्पर फेरफार करण्याबद्दल आहे, पण रबरी टोपी आणि व्हिनाइलची पट्टी त्यात कुठे येते? आरसे मात्र काढून ठेवू नका, चमकतात म्हणून काढणारे पाहिलेत. मागचा लाल रिफ्लेक्टर, इंडिकेटर आणि नंबरप्लेट यांवर चुकूनही स्प्रे उडू देऊ नका.

आडवाट · शनिवार, रात्री 8:35

अरुंद पट्टीची युक्ती जमली. दोन पट्ट्या, जोड खाली. आज परतताना साखरप्यानंतर घाट चढताना ऊन पाठीवर होतं, कडं गप्प होतं. आता मीटरची काच तेवढी एका ठरावीक वळणावर लकाकते.

भिंगवाला · शनिवार, रात्री 9:00

तिला मोबाइलचं मॅट स्क्रीनगार्ड कापून लावा. आकडे किंचित धुरकट दिसतील, म्हणून आधी छोटा तुकडा लावून रात्री मीटरचा दिवा चालू असताना वाचता येतं का बघा, मगच पूर्ण काचेला.